रंग स्वयंपाकघराकडे निघाले

"हलले. परत हलले," मिस्त्री टेबलावर वाकून म्हणाले.

जन्मभर लोकांच्या घरी फरशा बसवलेला माणूस. काम सोडल्यापासून त्यांच्या हातांना चैन नव्हती. त्यातच मोबाइलवर कोणीतरी पेल्यात पातळ रंग एकावर एक ओतून तो पेला कॅनव्हासवर पालथा घालताना त्यांनी पाहिलं आणि लगेच लेकीला फोन लावला, "तुझ्या नव्या घराची मोठी भिंत मोकळी ठेव. चित्र मी आणतो." लेकीने ते कौतुकाने सासूबाईंनाही सांगितलं. आता लेकीकडे जाणं उद्यावर आलं होतं आणि भिंत मोकळीच होती.

कारण रंग थांबेनात. निळा, पांढरा, सोनेरी, ओतताना सुरेख पसरायचे. मिस्त्री हात धुऊन येईपर्यंत सगळी मंडळी एका कडेने टेबलाखाली उतरलेली असायची. कॅनव्हास झाला, उरलेली टाइल झाली, बायकोचा लाकडी ट्रे झाला. टेबल फिरवूनही पाहिलं.

"रंगच भेसळीचा आहे."

"भेसळीचा रंग दर वेळी स्वयंपाकघराकडेच कसा जातो हो?" बायकोने विचारलं. "सांडलेलं पाणीही तिकडेच येतं. टेबलाच्या त्या बाजूच्या पायाखाली पुठ्ठा घाला."

मिस्त्री ताठ झाले. आल्यागेल्याला ते सांगत, फरशीवर गोटी ठेवा, हलली तर नाव बदलेन. "ही फरशी मी बसवलीय. तिच्यावर पुठ्ठा?"

"मग लेव्हल लावून बघा."

"माझ्या फरशीला लेव्हल लावू?"

बायको आत निघून गेली.

आता एकच कॅनव्हास उरला होता आणि एका पेल्यापुरता रंग. मिस्त्रींनी पेला पालथा घातला, टेबलाचा स्वयंपाकघराकडचा पाय अलगद उचलला आणि त्याखाली स्वतःच्या पायाचा अंगठा सरकवला. रंग थबकले. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला, पण अंगठा अडकला तो अडकलाच. पाठ खाजू लागली, पायाला मुंग्या आल्या, तिकडे खिडकीत ठेवलेला फोन वाजायला लागला.

"लेकीचा असेल. घ्या की," आतून आवाज आला.

"वाजू दे."

"चहा झालाय, या."

"इथेच आण."

बायको चहा घेऊन आली. तिने टेबलाखाली पाहिलं. मिस्त्री छताकडे पाहू लागले. ती झोपायच्या खोलीत गेली आणि झिजून गुळगुळीत झालेली पुठ्ठ्याची घडी घेऊन आली.

"अंगठा काढा."

पुठ्ठा बरोबर बसला. रंग तसूभर हलले नाहीत.

"कुठून आणलास?"

"कपाटाखालून. फ्रिजखाली एक आहे, पलंगाखाली दोन. राहायला आलो तेव्हाच घातलेत."

"आणि मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही चारचौघांत गोटीचं सांगायचात. कशाला बोलायचं?"

मिस्त्री अंगठा चोळत बसले. त्यांना फार लाज वाटली आणि तितकंच बरंही वाटलं. एवढ्यात झोपायच्या खोलीत कपाटाचं दार कुरकुरत आपोआप उघडलं. बायको तिकडे निघाली.

"तू बस, चहा घे," मिस्त्री म्हणाले. लंगडत आत जाऊन त्यांनी दार लावलं आणि त्याला पाठ टेकवून उभे राहिले. "दुसरा पुठ्ठा सापडेपर्यंत मी धरतो."