आधी खुशाली, मग भोपाळ

भोपाळ राजधानी झाली आणि उज्जैनच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली एकुलती ट्रंक लाइन गुदमरली. कुणाची बदली कुठं, हे अख्ख्या गावाला भोपाळलाच विचारायचं होतं. सुपरवायझर यज्ञेश्वर मुळ्यांच्या मते दोष आपल्या मराठी मंडळींचा. तीन मिनिटांच्या कॉलमध्ये आधी काकूंचे गुडघे, मग आत्याचा मोतीबिंदू, मग गाय व्यायली का, मग बदलीचा विषय निघतो न निघतो तोच

तीन मिनिटं झाली.

मग पुन्हा कॉल.

मुळ्यांनी तोड काढली. खुशाली ऑपरेटरला सांगायची, ती पोस्टकार्डावर लिहून पाठवेल. ट्रंक लाइनवर फक्त काम.

"खुशाली बोला," ऑपरेटर अनसूयाबाई म्हणाल्या.

"आईला खोकला आहे."

"अडुळसा द्या ना. बिलकुल थांबतो."

"मधातून?"

आता लोक ऑपरेटरच्या बोर्डापाशीच अडकले. ट्रंक लाइन मोकळी पडली.

दुपारी मुळ्यांची बायको जयू टांगा करून आली. "कधीची फोन करतेय, लागतच नाही. भय्यासाहेबांनी बसमधल्या माणसाबरोबर निरोप पाठवलाय. तुमचं नाव भोपाळला लागतंय. नाही म्हणायचं तर आज पाचच्या आत कळवा. आणि आपल्याला नाही म्हणायचंय. माईंना या वयात क्षिप्रेवरून हलवणार का तुम्ही?"

भय्यासाहेब जयूचे थोरले भाऊ, भोपाळच्या मोठ्या ऑफिसात; माई मुळ्यांच्या आई.

मुळ्ये बोर्डाकडे धावले. "बाई, भोपाळ द्या."

"नंबरानं, साहेब. तुमचाच हुकूम. आणि खुशाली?"

"सगळे मेले तरी चालेल, लाइन द्या."

"असं कसं लिहू कार्डावर?"

पुढच्यांचे खोकले, गुडघे, बाळंतपणं उरकून पाचला थोडा अवकाश असताना मुळ्यांना लाइन मिळाली.

"भय्यासाहेब, माझं नाव—"

"अहो, हो हो. आधी सांगा, माईंचा दमा कसा आहे?"

"कार्ड येईल."

"काय येईल?"

"दम्याचं कार्ड. म्हणजे खुशाली. ती आता लाइनवर सांगत नाहीत."

"यज्ञेश्वरराव, तुमची तब्येत बरी आहे ना? जयूला द्या बघू."

जयूनं फोन घेतला. "दादा, वहिनींची पाठ कशी आहे?"

"आता बरीच म्हणायची. परवा काय झालं—"

तीन मिनिटं झाली.

आठवड्यानं हुकूम आला. उज्जैनची ट्रंक लाइन दिवसभर मोकळी राहते असं वरच्यांच्या नजरेस आलं होतं. गर्दी आवरण्याची ही पद्धत भोपाळलाही हवी होती, आणि ती सुरू करायला मुळ्येच हवे होते.

जयूनं भांडी आपटत सामान बांधलं. माईंनी क्षिप्रेचं पाणी कळशीत भरून घेतलं.

निघताना मुळ्ये बोर्डापाशी आले.

"पोचलात की खुशाली कळवा, साहेब," अनसूयाबाई म्हणाल्या.

"फोन करीन."

"छे हो, लागणार नाही. कार्डच टाका."