खवल्याची खिडकी

एका जंगलात (हो पोरांनो, तेच ते, जिथे एक सिंह राजा असतो आणि बाकीचे सगळे अर्जदार) खवल्या नावाचा लोहार राहायचा. होता खवलेमांजर. घाबरला की अंग मुडपून त्याचा चेंडू व्हायचा. ही खोड ध्यानात ठेवा.

जांभळाच्या झाडाखाली त्याची भट्टी होती. सशांच्या कुदळी, अस्वलीणबाईंचा झारा, जे मोडेल ते तो जोडून द्यायचा. पण पाऊस लागला की भट्टी विझायची आणि चार महिने खवल्या हात चोळत बसायचा.

एकदा समुद्रात वादळ झालं आणि जहाजावरचे पाच-सहा कंटेनर वाहत जंगलाच्या किनाऱ्याला लागले. सगळं जंगल बघायला लोटलं. लोखंडाचे लांबलचक डबे. दार एकाच टोकाला, आणि कडी फक्त बाहेरून.

"मेलं हे धूड काय कामाचं?" अस्वलीणबाई म्हणाल्या.

खवल्यानं पत्र्यावर नखानं टकटक केलं. "बाई, धूड नव्हे. छप्पर आहे हे!"

मग काय विचारता! ओंडक्यांवरून ढकलत त्यानं एक कंटेनर उंचवट्यावर आणला. खाली दगड रचले. छिन्नीनं पत्रा कापून समोरासमोर दोन खिडक्या पाडल्या, वर गवत शाकारलं. त्या वर्षी भर आषाढात भट्टी पेटलेली होती. पाऊस बाहेर, खवल्या आत. इतका आनंद झाला त्याला, की कुणी मागितले नसताना दोन झारे करून ठेवले.

एक दिवस राजाचे चिटणीस तरसराव आले. तरसच ते, उठता-बसता हसायचे.

"वा! महाराजांच्या कानावर घालायला हवं!"

इथेच माशी शिंकली.

महाराजांनी कंटेनर समिती नेमली. समितीनं कंटेनर काही पाहिला नाही, पण नियमावली झकास केली. नियम एक: कंटेनर म्हणजे सर्व बाजूंनी बंद डबा. नियम दोन: डबा भरताच दार लावून सील करावे. नियम तीन: महाराजांच्या पंजाचा ठसा असलेल्या लेखी हुकुमाशिवाय सील तोडू नये. एवढं होईतो चैत्र उजाडला.

तरसराव नोटीस घेऊन आले. "तुमच्या कंटेनरला खिडक्या आहेत. आठ दिवसांत बुजवा. नाहीतर कारखाना जप्त!"

"अहो साहेब, भट्टीच्या धुरानं मरेन की मी!"

"मरण्याबद्दल नियमावलीत काही नाही. हॅ हॅ!"

खवल्याचा चेंडू झाला. तरसरावांनी नोटीस त्याच्या दोन खवल्यांच्या मध्ये खोचली आणि ते चालते झाले.

खवल्यानं तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: आठव्या दिवशी हजर राहावे.

आठव्या दिवशी नव्या राजकचेरीचं उद्घाटन होतं. कचेरी अर्थातच कंटेनरमध्ये, अगदी नियमाबरहुकूम, खिडकीबिडकी काही नाही. बैठकीतला पहिलाच विषय होता खवल्याचा कारखाना जप्त करणे. खवल्या बाहेर उन्हात उभा होता. जप्तीत तेवढी तरी वाचावी म्हणून छिन्नी सोबत आणून पायाशी ठेवली होती.

नारळ फुटला. फीत कापली. महाराज, तरसराव आणि अख्खी समिती आत जाऊन बसली. दारावर गवाप्पा पहारेकरी होता. भला गवा, पण नियमाला देव मानणारा. त्यानं आत डोकावून पाहिलं. डबा भरला होता. त्यानं दार लावलं, कडी घातली आणि सील ठोकलं.

थोड्या वेळानं आतून डरकाळी आली. "दार उघड!"

"लेखी हुकूम लागेल, महाराज. ठशासकट."

"लिहिलाय गाढवा! हा घे!"

"कुठून घेऊ, महाराज? कुठे फटच नाही."

समितीनं काम चोख करून घेतलं होतं ना! पत्रा तापत चालला. आतली डरकाळी मांजरागत झाली.

खोटं कशाला सांगू? घटकाभर खवल्याला गार गार वाटलं. मग तरसरावांचं हसणं ऐकू आलं, ते रडण्यासारखंच होतं, आणि खवल्याला राहवेना. भीतीनं त्याची पाठ वाकायला लागली होती. ती त्यानं सरळ केली आणि छिन्नी उचलली.

गवाप्पा आडवा आला. "खिडकी पाडायची नाही. नियम एक!"

"खिडकी कोण पाडतोय? हुकूम बाहेर यायला फट पाडतोय."

गवाप्पानं नियमावली चाळली. फटीबद्दल अवाक्षर नव्हतं. "मग पाडा."

चार घाव घातले. फट पडली. पण हुकूम काही येईना. आला तो महाराजांच्या नाकाचा शेंडा.

"महाराज, कागद!" गवाप्पा म्हणाला.

"कागद गेला खड्ड्यात! आधी श्वास घेऊ दे! खवल्या, मोठी कर ती!"

"महाराज, खिडकी होईल हो," खवल्या म्हणाला.

"होऊ दे!"

अशी सरकारमान्य पहिली खिडकी झाली. तिच्यातून हुकूम आला, सील तुटलं, समिती घामानं निथळत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली: महाराजांनी खिडकीचा शोध लावला आहे. यापुढे प्रत्येक कंटेनरला समोरासमोर दोन खिडक्या सक्तीच्या.

तरसराव पुन्हा हसत खवल्याकडे आले.

"अभिनंदन! कारखाना वाचला. फक्त तुमच्या खिडक्या हुकुमाच्या आधीच्या आहेत. तेवढ्या बुजवा, आणि परवानगी काढून त्याच जागी नव्या पाडा."

या वेळी खवल्याचा चेंडू झाला नाही.

"बुजवतो की, साहेब," तो गोड आवाजात म्हणाला. "पण नीट बुजल्या का, ते आतूनच कळेल. या ना, आत बसा. मी दार लावून घेतो."

तरसरावांनी कडीकडे पाहिलं. कडी बाहेरून होती. त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"राहू द्या, राहू द्या," ते म्हणाले. "बुजवल्या आणि पुन्हा पाडल्या, असं लिहून टाकतो."

तात्पर्य: हवा सगळ्यांनाच लागते, पण हे अर्जात लिहून कुणाला पटत नाही. म्हणून शहाण्याने खिडकीसाठी अर्ज करू नये. साहेबांना मानाने आत बसवावे आणि कडी कुठल्या बाजूला आहे, ते नम्रपणे दाखवावे.