ज्याची गोचीड त्याला

"ढकल की! बघत काय बसलीयास?" आकारामनं दबक्या आवाजात बायकोला दटावलं.

"ढकलून जाईल कुठं? तुमीच दारात आडवं हुबं हायसा," बनाबाई म्हणाली.

आकाराम बाजूला झाला आणि चांदी नावाची ती काळीभोर रेडी स्वयंपाकघरात शिरली. शिरल्या शिरल्या तिनं चुलीजवळच्या भाकरीला तोंड लावलं. बाहेर दवंडी देणाऱ्या केरबाची हलगी कडाडत होती. त्याचा आवाज सगळ्या बोरमाळ गावाला पुरून जोतिबाच्या डोंगरापर्यंत जायचा.

"ऐका हो ऐका! दरबारचा हुकूम हाय! समद्या जनावरांची गोचीड तपासली जाईल! ज्याच्या जनावरावर गोचीड घावंल, त्याच्या शिंगाला डांबर लागंल! डांबराचं जनावर पाणवठ्यावर आणायचं न्हाई, येशीत आणायचं न्हाई हो!"

"शिंगाला म्हंजे जनावराच्या का मालकाच्या?" बनाबाईनं विचारलं.

आकारामला हसू आलं नाही. कोल्हापूरच्या दरबारला अचानक गोचिडींचं काय पडलं, हे त्याला कळेना. नुकतंच प्लेगाच्या साथीत डॉक्टर येऊन माणसांच्या काखा चाचपून गेले होते. आता बैलांच्या काखा चाचपायच्या म्हणजे आत काहीतरी वेगळंच असणार. आज जनावरं तपासायच्या नावाखाली मोजतील आणि उद्या मोजलेल्या जनावरांवर पट्टी बसवतील. म्हणून चार दिवसांपूर्वी बाजारातून आणलेली रेडी त्यानं कुणाच्या नजरेला पडायच्या आत चुलीशी बांधली.

आकारामचा संशय कुणा एकावर नव्हता, सरसकट होता. नारळ घ्यायचा झाला तर तो आधी दुकानदाराचं तोंड निरखून बघायचा आणि मग नारळ हलवायचा. त्यात बैलांचा सण, बेंदूर, दोन महिन्यांवर आलेला. बेंदराच्या संध्याकाळी वेशीत गवताचा आणि आंब्याच्या डहाळ्यांचा दोर आडवा बांधायचा आणि मानाच्या बैलानं तो तोडायचा, याला 'कर तोडणं' म्हणत. हा मान आकारामच्या घराचा होता. आज्यापासून चालत आलेला. त्याचा बैल आला नाही तर मान शेजारच्या गुंडूकडे, म्हणजे सख्ख्या चुलत्याच्या पोराकडे जायचा. गुंडू ही गोष्ट दर वर्षी एकदा तरी सहज म्हणून बोलून दाखवायचा.

दुसऱ्या दिवशी सलोत्री आले. जनावरांच्या डॉक्टरला तेव्हा सलोत्री म्हणत. कुतुबुद्दीन नावाचे हे गृहस्थ कोल्हापुरातून घोड्यावरून आले होते. हातात चिमटा, कानामागे काडी आणि चेहऱ्यावर कंटाळा. त्यांनी आकारामच्या हरण्या बैलाचा कान उलटा केला.

"साह्येब, जरा बेतानं," आकाराम त्यांच्या बाहीत डोकावत म्हणाला.

"बाहीत काय बघता?"

"काय न्हाई. मोकळी हाय न्हवं, तेवढं बघितलं."

सलोत्री काही बोलणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून चांदी रेकली. घर दणाणलं.

"हे काय?"

"मंडळी हाईत," आकाराम म्हणाला. "घसा बसलाय त्येंचा."

सलोत्रींनी घराकडे पाहिलं, मग आकारामकडे जरा दयेनं पाहिलं आणि पुढे चालू लागले. त्या दिवशी गावात कुणाच्याच जनावरावर गोचीड सापडली नाही. जाताना त्यांनी चावडीसमोर सगळ्यांना बसवून समजावलं, "आज नाही म्हणून गाफील राहू नका. आसपासच्या गावांत फार झाली आहे. ही तंबाखू दरबारकडून फुकट आहे. पाण्यात उकळायची आणि त्या पाण्यानं आठवड्याला जनावर धुवायचं. एखादी गोचीड दिसलीच, तर उपटून जाळायची. फेकायची नाही. फेकली की ती अंडी घालते आणि मग एकीच्या हजार होतात. बेंदराला सकाळी मी पुन्हा येईन."

तंबाखू चांगली निपाणीकडची होती. जोतीराम पाटलांनी पुडीचा वास घेतला आणि डोळे मिटले.

"ही बैलाच्या पाठीवर वतायची?" ते म्हणाले. "पाप लागंल, पाप."

आठवडाभर गावातल्या प्रत्येक बाप्याच्या गालात बैलाचं औषध होतं. गुंडू ती चिलमीत भरून ओढायचा. मीरासाब नालबंद नाल ठोकताना चुना लावून मळायचा आणि म्हणायचा, "सरकार असावं तर आसं!" गावाला एवढी चांगली तंबाखू आजवर मिळाली नव्हती आणि एवढा चांगला हुकूमही.

एकट्या आकारामनं आपली पुडी उघडलीही नाही.

"फुकट देत्यात म्हंजे काय तरी असणारच की त्यात," तो बायकोला म्हणाला. "मानसाला गुंगी यावी आणि गोठ्यात किती जनावरं हाईत ते त्येनं पटकन सांगून टाकावं, आसलं काय तरी. जा, उकिरड्यावर टाकून ये."

"बरं," बनाबाई म्हणाली आणि पुडी घेऊन गेली.

बेंदराला महिना दीड महिना राहिला असताना आकाराम हरण्याला खरारा करत होता. बैलाच्या मानेखाली बोटाला काहीतरी टचटचीत लागलं. वाटाण्याएवढी गोचीड! आकारामनं ती उपटून तळहातावर घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. आपल्या बैलावर गोचीड? आज्याच्या काळापासून नाही झाली ती आजच? त्यानं मान वर केली. समोर गुंडूच्या परड्याची भिंत होती आणि भिंतीपलीकडे गुंडू गाणं गुणगुणत होता.

आकारामला सगळा उलगडा झाला. गोचीड जाळायचा हुकूम होता खरा, पण दुसऱ्याची वस्तू आपण का जाळायची? त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि ती भिंतीपलीकडे टाकली.

"ज्याची त्याला," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन निघाल्या. त्याही गेल्या. पुढे पुढे तर सकाळी तोंड धुतलं की गोचिडी परत करायच्या, हा त्याचा नेमच होऊन बसला. पण नवल असं, की तो जितक्या परत करी, तितक्या जास्त निघत. त्यातही काही आता परड्याच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या पाटलांच्या भिंतीच्या बाजूनं येताहेत असं त्याला वाटू लागलं. एकदा तर त्या भिंतीवरून काहीतरी टपकन पडलेलं त्यानं स्वतः पाहिलं.

"पाटीलबी सामील हाय," तो जेवताना म्हणाला.

"कशात?"

"कटात. गुंड्यानं त्येला फितवलाय."

"आवं, एक सांगू का? ती रेडी आणली तवा तिच्या कानात…"

"तू मधी बोलू नगंस. आणि रेडीचं नाव मोठ्यानं घिऊ नगंस. भिंतीला कान असत्यात."

बनाबाईनं भाकरीचा तुकडा रेडीपुढे टाकला. चांदी अजून चुलीशीच बांधलेली होती, कारण सलोत्री कधी उगवतील याचा भरवसा नव्हता. रात्री ती आणि बनाबाई एकाच खोलीत निजत. आकाराम गोठ्यात हरण्याशेजारी निजायचा. बैलाला हात लावायची परवानगी तो बायकोलाही देत नव्हता.

बेंदराचा दिवस उजाडला. पोळ्यांचा वास सुटला. सलोत्री घोड्यावरून उतरले आणि पहिलाच बैल बघून त्यांनी कपाळाला हात लावला. दुसरा बघितला, तिसरा बघितला, आणि मग केरबाला डांबराचं मडकं जवळच ठेवायला सांगितलं.

हरण्याच्या शिंगाला डांबर लागलं तेव्हा आता मान गुंडूकडे जाणार, असं आकारामनं धरून चाललं. पण गुंडूच्या बैलाकडे बघून तो चमकला. गुंडूनं बैलाची शिंगं पहाटेच लालभडक रंगवून ठेवली होती. केरबानं त्या लालावरच डांबराचा पट्टा ओढला. म्हणजे मान गुंडूकडेही जात नव्हता! मग मीरासाबच्या बैलाला डांबर लागलं. पाटलांच्या जोडीला लागलं. दुपारपर्यंत सगळ्या गावाची शिंगं काळी झाली.

चावडीपुढे सगळे जमले. सलोत्री आवाज चढवून म्हणाले, "दोन महिन्यांपूर्वी गाव साफ होतं! आलं कुठून हे?"

"ह्येच्याकडनं!" आकारामनं गुंडूकडे बोट केलं. "रोज भिंतीवरनं टाकतोय."

"म्या?" गुंडू उसळला. "आरं, तूच टाकतुयास माझ्याकडं! काल डोळ्यानं बघितलंय! म्या आपलं… म्हंजे मला वाटलं आधी मीरासाबच्या नालासाठी गावोगावची जनावरं येत्यात, तितनंच आल्या आसतील, म्हणून त्येच्या त्येला…"

"म्हंजे त्या तुझ्या व्हत्या व्हय?" मीरासाब ताडकन उठला. "आन् मी समजत हुतो पाटलांच्या! आयला, रोज सकाळी नमाज झाली की पयलं काम त्येच करत हुतो मी."

सगळे पाटलांकडे बघू लागले. पाटलांनी गालातली तंबाखू या बाजूची त्या बाजूला केली.

"आता गावचा पाटील म्हणून," ते सावकाश म्हणाले, "आलेला माल परत करनं माझं काम हाय. मला आकारामचा वहीम आला."

सलोत्रींनी जमिनीवर काडीनं एकमेकांना लागून असलेली ती चार घरं काढली. एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी रेघ ओढली. रेघ फिरून पहिल्या घरात आली. त्यांनी काडी मोडून टाकली.

"आणि तंबाखू? ती कुणी लावली जनावरांना?"

 कुणीतरी हळूच पिंक टाकली.

सूर्य कलू लागला तसा वेगळाच प्रश्न उभा राहिला. वेशीत दोर बांधून झाला होता, पण तो तोडायला जनावर नव्हतं. डांबराचं जनावर वेशीत आणायचं नाही, हा हुकूम. दोर तसाच राहिला तर साल वाईट जाणार, हे सगळ्यांना ठाऊक.

"शेजारच्या वाडीतनं बैल मागवायचा?" पाटील म्हणाले.

"वाडीचा बैल आमच्या येशीत?" गुंडूचा आवाज फाटला. "जीव गेला तरी न्हाई!"

"मग एखादं जनावर दाखव की साफ असलेलं."

त्याच वेळी आकारामच्या घरातून चांदी रेकली.

सलोत्रींनी मान वळवली. "तुमच्या मंडळींचा घसा अजून बरा झाला नाही का?"

"मंडळी हितं हुब्या हाईत," मीरासाब बनाबाईकडे बघत म्हणाला.

आकारामला घाम फुटला. बोलावं तर रेडी उघडी पडते आणि पट्टी बसते. न बोलावं तर आज्याचा मान वाडीचा बैल घेऊन जातो. आणि समजा बोललो, तरी रेडी साफ असेल कशावरून? तो एकदा वेशीकडे बघायचा, एकदा घराकडे. शेवटी त्यानं पटका काढून तोंड पुसलं.

"साह्येब," तो म्हणाला, "एक रेडी हाय माझी. ऱ्हाऊन गेली हुती दाखवायची."

बनाबाई चांदीला घेऊन आली. तिनं रेडीची बोटभर शिंगं तांबड्या हुरमुंजानं रंगवली होती आणि गळ्यात घुंगरू बांधलं होतं. गाव आ वासून बघत राहिलं. सलोत्रींनी कान उलटे केले, शेपटी वर केली, काखा चाचपल्या. मग रेडीच्या पाठीचा वास घेतला.

"एक गोचीड नाही! हिला तंबाखूनं धुतलंय. कुणी?"

"म्या," बनाबाई पदर सावरत म्हणाली. "आणली तवाच हिच्या कानात गोचिडी हुत्या. चार दिस बैलाजवळच बांधली हुती. मग घरात आली आन् माझ्या वाकळंवर चढाय लागल्या. धन्यांनी तंबाखू उकिरड्यावर टाक म्हणून सांगिटलं. म्हटलं, टाकून तरी काय करायची."

आकारामनं मान खाली घातली. गावातल्या पहिल्या गोचिडीचा पत्ता अखेर लागला होता.

"पर रेडीनं कर तोडायचा?" गुंडू म्हणाला. "बैलाचा मान हाय त्यो!"

"हुकुमात फक्त डांबराचं जनावर नको म्हटलंय," सलोत्री म्हणाले. "बैलच हवा असं नाही."

हलगी वाजू लागली. चांदीला वेशीसमोर उभं करून आकारामनं तिच्या पाठीवर थाप मारली. सगळ्यांनी आरोळी दिली. चांदी तुरुतुरु पळत गेली, दोरापाशी थांबली, आंब्याच्या डहाळ्यांचा वास घेतला आणि दोर खायला लागली.

कुणी हललं नाही. डहाळ्या संपल्या, मग गवत संपत आलं, आणि शेवटी दोर मधोमध तुटून दोन्ही बाजूंना लोंबला. चांदी रवंथ करत वेशीतून पलीकडे गेली.

"ह्ये तोडणं झालं?" गुंडूनं विचारलं.

पाटलांनी बराच विचार केला. "तुटला का न्हाई? तुटला म्हंजे तुटला. मान आकारामचाच."

आकारामनं सलोत्रींना गाठलं. "साह्येब, आता पट्टी किती बसंल रेडीवर?"

"कसली पट्टी? कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्याला नाव आठवेना. ते कुणी सांगितलं नव्हतंच.

तिन्हीसांजेला आकाराम परड्यात उभा होता. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून त्यानं चिमटीत धरलं. गोचीड. सवयीनं त्याचा हात भिंतीकडे वर गेला आणि तिथंच थांबला. भिंतीवरून गुंडूचं डोकं वर आलं होतं. त्याचीही चिमूट बंद होती.

गुंडूनं आधी आपल्या चिमटीकडे बघितलं, मग आकारामच्या.

"चूल पेटलीया का रं?" गुंडूनं विचारलं.

"पेटलीया की. ये हिकडं."

दोघं चुलीशी बसले. दोघांनी आपापली गोचीड निखाऱ्यावर टाकली. आकारामची तडकली. गुंडूची तडकल्याचा आवाज काही त्याला ऐकू आला नाही. गुंडू घरी गेला, निखारे विझत आले, तरी आकाराम काडीनं राख उकरत गुंडूची गोचीड शोधत बसला होता.