गोलतकर काकांचं नाक

आमच्या इमारतीत सकाळी सगळ्यात आधी जागं होतं ते गोलतकर काकांचं नाक. जोगेश्वरीत नाल्याच्या काठाला आमची चार मजल्यांची इमारत. काका गॅलरीत येतात, मान वर करून हवा हुंगतात आणि निकाल देतात, "वायर! भंगारवाल्याने पेटवली." पुढच्या मिनिटाला लेंगा वर खोचून, पाण्याची बादली घेऊन ते नाल्याकडे धावत सुटतात. "नाक खोटं बोलत नाही," हे वर आहेच.

काका टीव्ही मेकॅनिक होते. आता सत्तरी उलटली, एकटेच राहतात. कोणी मोबाइलची फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकली, तर ते ती हुडकून वाळूच्या डब्यात ठेवतात आणि टाकणाऱ्याला जिन्यात गाठतात. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा नेमकी हॉलमधली ट्यूबलाइट फुटली. काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं. "पारो असा त्येच्यात! खिडक्यो उघडा, झाडू मारू नकात!" नवऱ्या मुलाच्या आईने अर्धा तास जिन्याच्या पायरीवर बसून कांदेपोहे खाल्ले. तरीही लग्न जमलं, हे त्या बाईंचे उपकार.

यंदाच्या होळीला मात्र काकांनी कहर केला. आमच्याकडे लाकडांबरोबर घराघरातली अडगळही होळीत जाते. दरवर्षी काका ओरडतात आणि दरवर्षी आमचा सेक्रेटरी पद्या हसत हसत काडी लावतो. यंदा आम्ही नैवेद्याची ताटं घेऊन खाली उतरलो, तर काका लाकडांच्या ढिगाला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. बादली मांडीवर.

"काका, उठा ना यार! मुहूर्त चाललाय," पद्या म्हणाला.

"आधी तो कीबोर्ड काढ. मग ती वायरींची भेंडोळी. ह्या धुरातलं शिसं तुझ्याच आईच्या छातीत जाणार."

"अहो, वर्षातून एकदाच तर..."

"मग माका पण एकदाच जाळ!"

पद्याची वाट लागली. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरची खिडकी किलकिली झाली. पद्याच्या आईंना दमा आहे.

"पद्या, काढ मेल्या तो कीबोर्ड! दर होळीला मी खिडक्या लावून खोकत बसते, ते दिसत नाही तुला?"

पद्याने निमूटपणे कीबोर्ड ओढला. मग सगळेच वाकले. वायरी निघाल्या, दोन रिमोट निघाले, एक मिक्सर निघाला. सकाळी मीच हळूच खुपसलेला चार्जर निघाला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ई-कचऱ्याच्या गाडीत द्यायला तीन खोकी भरली.

होळी पेटली. काकांनी मान वर केली. बोंबा मारायच्या सोडून सगळे त्यांच्या नाकाकडे बघत राहिले.

"लाकूड," काका म्हणाले. "नुसतं लाकूड. झकास!"

पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि होळीभोवती नाचवलं. सगळ्यात पुढे पद्या. वर त्याच्या आईंनी खिडकी सताड उघडली होती. इतकी मजा आमच्या होळीत कधी आली नव्हती.

नंतर मी पुरणपोळी घेऊन काकांकडे गेले. ते गॅलरीत उभे होते.

"दुकानामागे मीच जाळायचो गो वायरी, तांब्यासाठी," ते एकदम म्हणाले. "आमची ही डबा घेऊन यायची, माझ्या सोबतीला तिथेच बसायची. म्हणायची, ह्या धुरात विष आहे, माझं नाक खोटं बोलत नाही. मी हसायचो. मग तिचा खोकला थांबलाच नाही."

मी पोळीवर तूप वाढलं.

काकांनी खालून येणारा धूर छातीभर ओढून घेतला.

"आज बसली असती तरी चाललं असतं," ते म्हणाले.