सातवीचा मागचा बाक

गांगुर्डे मिस्त्री बाक दुरुस्त करून निघून जात नसत. त्या बाकावर स्वतः घंटा ते घंटा बसत, तेही वर्ग चालू असताना. गुडघे पोटाशी, कानावर पेन्सिल, केसांत भुसा.

"बाई, बाकाचं दुखणं लगीच कळत नाय," ते मला सांगत. "तासभर बसलं की मंग कुरकुरतो."

नाशिकच्या पालिका शाळांची दारं, खिडक्या, बाक सगळं त्यांच्याकडे. नव्वदच्या दशकात आमच्या शाळेत धड वस्तू म्हणजे एक घंटा, त्यामुळे मिस्त्रींचा मुक्काम आमच्याकडेच. भूगोल शिकवताना मी फळ्याकडे वळले की मागून आवाज यायचा, "गप ऱ्हा रे, बाई सांगतायत ना." माझ्या वर्गाची शिस्त सुतारानं राखावी, याचा मला भारी राग यायचा.

एकदा मी पृथ्वी फिरते म्हणून सांगितलं, तर मागच्या बाकावरून हात वर. "मंग माझी खिळ्यांची डबी जागची हलत कशी नाय?" मी घाईघाईनं पुढचा धडा काढला आणि रात्री घरी निमूटपणे उत्तर शोधलं.

पाचवीचे बाक झाले, पुढच्या वर्षी सहावीचे, मग सातवीचे. शेवटी आमच्या मुख्याध्यापिकांनीच विचारलं, "हे मिस्त्री दरवर्षी एकेक इयत्ता वर कसे सरकतात हो?"

मी मिस्त्रींना गाठलं. ते रंधा पुसत सांगू लागले.

"चौथी झालो बाई, घोटीकडं. मंग आई बोलली, भातलावणीला चल. सातवी तेवढी करायची व्हती. पण परीक्षा एप्रिलात, अन् मी मार्चअखेर रिटायर. मंग शाळेत कोण घेतंय?"

मी मुख्याध्यापिकांकडे गेले. "नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "एप्रिलातही बाकावर बसू देत त्यांना."

मिस्त्रींनी सगळे पेपर दिले. गणितात वर्गात दुसरे, माझ्या भूगोलात काठावर. मी हौसेनं त्यांचं प्रगतीपुस्तक भरून दिलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते परत हजर.

"बाई, पालकाची सही ऱ्हायली."

"अहो मिस्त्री, तुम्हाला कशाला हवी ती?"

"समदी पोरं आणतात." त्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली. "आई तर गेली. लग्नबिग्न काय झालं नाय. घरात सही करनारं कोन नाय बाई."

ते अठ्ठावन्नचे, मी जेमतेम तिशीची. प्रगतीपुस्तक टेबलावर ठेवून ते हात मागे बांधून उभे राहिले. पालकाच्या जागी मी सही केली, आणि शाई वाळेपर्यंत मिस्त्री तिच्यावर फुंकर घालत राहिले.