बुद्धिबळाच्या सामन्यात जखमी

बुद्धिबळाच्या अंतिम सामन्यात मामा जखमी झाला.

हे वाक्य धाकटीने त्या आठवड्यात ज्याला ज्याला ऐकवलं, त्याचा चेहरा आधी गंभीर व्हायचा, मग गोंधळायचा, आणि शेवटी तो तोंडावर हात ठेवून खिडकीबाहेर बघायला लागायचा. धाकटी वकील होती. कोर्टात तिला सगळे 'मॅडम' म्हणत असले तरी घरात ती धाकटीच होती, आणि प्रकरण घरातलं होतं.

घडलं ते असं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बाबांच्या बुद्धिबळ क्लबाचा अंतिम सामना चालू होता. बाबा क्लबाचे कायमचे अध्यक्ष आणि कायमचे पराभूत. आयुष्यात पहिल्यांदाच ते अंतिम फेरीत पोचले होते. समोर दातांचे डॉक्टर. विचाराला घाई नको, म्हणून या क्लबात घड्याळ लावत नसत. त्यामुळे एकेका चालीत माणूस जेवून, वामकुक्षी करून येईल एवढा वेळ जाई. पहिल्या बाकावर एकच प्रेक्षक होता, मामा. बाकाला पाठ नव्हती. हॉलमध्ये बराच वेळ पंख्याचा तेवढा आवाज होता. मग 'धप्प' झालं, आणि मामा खाली होता.

कॉलरबोनला बारीक तडा गेला. हात गळ्यात आला, आणि मामाचा मुक्काम ताईकडे, म्हणजे धाकटीच्या आईकडे आला.

"आता प्रश्न असा आहे," मामा सोफ्यावर तीन उशांना टेकून म्हणाला, "की जबाबदार कोण?"

"तू," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"ताई, हा कायद्याचा मुद्दा आहे. तू मध्ये पडू नकोस."

"पडायचं काम तूच कर."

मामाचं सगळं आयुष्य विमा कंपनीत गेलं होतं. निवृत्त होण्याआधी त्याने बाबांच्या मागे लागून लागून क्लबाचा प्रेक्षक-विमा उतरवला होता. खेळामुळे प्रेक्षकाला इजा झाली तर कंपनी उपचाराचा खर्च देणार. "घोडा उधळून प्रेक्षकांत घुसला तर?" म्हणून बाबांनी तेव्हा त्याची यथेच्छ थट्टा केली होती. आता त्या विम्याचा पहिला लाभार्थी स्वतः विमावाला असणार होता आणि मामाला याचा फार अभिमान वाटत होता.

पण बाबांचं लक्ष त्यात नव्हतं. ग्रंथपालांनी हॉलला कुलूप लावलं होतं. "बाक आमचा, खेळ तुमचा. कोणामुळे माणूस पडला ते लेखी आणा. बाकामुळे असेल तर बाकही काढतो आणि क्लबही," असं त्यांनी सांगितलं होतं. अर्धा राहिलेला डाव कुलपाआड होता. पट जसाच्या तसा मांडलेला. आणि बाबा जिंकत होते.

"माझा वजीर तिथे धूळ खात पडलाय," बाबा येरझाऱ्या घालत म्हणाले. "झाडूवाल्याने एखादं प्यादं हलवलं तर? धाकटे, काहीतरी कर."

धाकटीने वही पुढे ओढली. "हे बघा, कायदा साधा आहे. खेळाचे नेहमीचे धोके प्रेक्षकाने स्वतःहून पत्करलेले असतात. क्रिकेट बघायला बसलं की चेंडू अंगावर येऊ शकतो, हे त्याला ठाऊक असतं. मात्र नेहमीपेक्षा जास्तीचा धोका आयोजकांनी तयार केला, तर जबाबदारी आयोजकांची. आणि मग विमा कंपनीची."

"बुद्धिबळात अंगावर काय येणार?" आईने विचारलं.

"झोप," धाकटी म्हणाली.



"मामा, तुला झोप लागली होती ना? तेवढं लिहून दे. खेळ बघता बघता झोप लागली आणि तोल गेला. बाक सुटला, हॉल उघडला."

"मी? झोपलो?" मामाने दुखरा खांदा विसरून उठायचा प्रयत्न केला. "दाजींचा अंतिम सामना आणि मी झोपेन? मी डोळे मिटून पुढच्या चालीचा विचार करत होतो."

"बरं. बाबा, मग तुम्ही अध्यक्ष म्हणून सही द्या."

"काय म्हणून? की माझ्या खेळाने माणसाला झोप लागते? जन्मभर हरलो, त्याचं काही नाही. पण कंटाळवाणा होतो, असं मी सही करून देऊ?"

"दाजींना असल्या कशावर सही करायला लावू नकोस हं," मामा म्हणाला.

"आणि मेहुणेबुवांनाही," बाबा म्हणाले.

एरवी चहात साखर किती यावरूनही भांडणारे हे दोघे असे एकमेकांच्या बाजूने उभे राहिलेले आईने लग्नानंतर प्रथमच पाहिले. ती बघायला मुद्दाम बाहेर आली.

"असं लिही ना," मामाने सुचवलं, "की खेळ इतका रंगला होता की मी उत्सुकतेने पुढे झुकलो आणि पडलो."

"मी खोटं लिहिणार नाही."

"वकील असून?"

"वकील असूनच. फार तर खरं थोडं उशिरा बोलते."

शेवटी तिने ग्रंथपालांना आणि विमा कंपनीला लिहिलं, की प्रेक्षक सामन्याच्या वेळी बाकावरून पडले. कारण ठरवता आलेलं नाही. हे शब्दशः खरं होतं. पण कारण ठरलेलं नसलं की ते ठरवायला माणूस येतो, हे मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं.

कंपनीचा पाहणी अधिकारी आला. उंच, सडपातळ, बोलण्यात काटकसरी. त्याने बाक हलवून पाहिला. हलला नाही. मग त्याने फर्मावलं, की सामना जिथे थांबला तिथून पुढे खेळावा. तो मामाच्या जागेवर बसून पाहील, आणि खेळाचा प्रेक्षकावर काय परिणाम होतो ते स्वतः अनुभवेल.

बाबांना स्वर्ग दोन बोटं उरला. हॉल उघडणार होता!

ठरल्या दिवशी सगळे तयारीने आले. आईने उशा आणल्या. ग्रंथपाल पाण्याचा जग घेऊन आले. दातांच्या डॉक्टरांनी दुपारचे सगळे रुग्ण दुसऱ्या दिवशी बोलावले होते. अधिकारी बाकावर ताठ बसला आणि त्याच्या शेजारी मामा, हात गळ्यात, डोळे सताड उघडे. मामाने आदल्या रात्री नीट झोप काढली होती आणि येताना दोनदा कॉफी घेतली होती. धाकटी मागे उभी राहिली. अधिकाऱ्याला झोप लागली तर प्रकरण सुटेल, पण बाबांचा जीव तुटेल. नाही लागली तर बाबा खूश, पण हॉल जाईल. नक्की काय व्हावं, हे तिला ठरवता येईना.

पट जसाच्या तसा होता. बाबांची चाल होती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, एकवार बाकाकडे पाहिलं, वजीर उचलला आणि सरळ डॉक्टरांच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला.

डॉक्टरांनी पटाकडे पाहिलं. मग वजीर मारला तर काय, न मारला तर काय, असं बोटाने हवेत मोजून बघितलं. चष्मा काढला, पुसला, आणि आपला राजा हलकेच आडवा केला.

"सुंदर," ते म्हणाले. "मुळापासून उपटलंत."

अधिकाऱ्याने अजून पेनाचं टोपणही काढलं नव्हतं. "झालं?"

"झालं," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"एवढंच?" अधिकाऱ्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग एवढ्याशा वेळात माणूस पडला कसा? यात तर नीट बसायलाही वेळ मिळत नाही. खेळाचा काही संबंध दिसत नाही. बाकच कारणीभूत धरावा लागेल."

ग्रंथपालांनी पाण्याचा जग खाली ठेवला.

"त्या दिवशी बराच वेळ लागला होता," ती घाईने म्हणाली. "याच चालीला. बाबा, सांगा ना."

"विचार करत होतो," बाबा म्हणाले आणि पटावरची सोंगटी सरळ करू लागले.

"मग आज विचार न करता कशी केलीत?" अधिकाऱ्याने विचारलं.

"घरी केला."

"नाही हो अध्यक्ष," दातांचे डॉक्टर म्हणाले. समोरच्याने काही दडवलं की ते शोधून काढायचं, ही त्यांची धंद्याची सवय. "त्या दिवशी तुमचा हात वजिरापर्यंत गेला होता. चांगला तीन-चारदा. दर वेळी तुम्ही माझ्या खांद्यावरून मागे बाकाकडे बघायचात आणि हात मागे घ्यायचात. मला वाटलं, मला छळताय."

सगळे बाबांकडे बघू लागले. बाबा सोंगटीकडे.

"बाबा," धाकटी हळूच म्हणाली, "तुम्ही कशासाठी थांबला होता?"

बाबा सोंगटी फिरवत राहिले. बोलले असते तर बाकावरचा माणूस झोपला होता, हे सांगावं लागलं असतं. हॉल हातचा चालला होता, तरी त्यांची जीभ काही उचलेना.

मामाने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा बाकाकडे. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"दाजी, मी उठेन म्हणून थांबलात तुम्ही?"

"तुमच्यासाठी कशाला थांबेन?" बाबा चिडून म्हणाले. "पण इतकी वर्षं दर सामन्याला मला हरताना बघायला येता. एकदा जिंकणार, तर तेव्हाच तुम्ही... डोळे मिटून विचार करत बसणार. मग काय करायचं माणसाने?"

मामा उठून उभा राहिला. घसा खाकरला.

"लिहा साहेब. मी झोपलो होतो. गाढ. घोरतही असेन."

"घोरत नव्हते," बाबा तत्परतेने म्हणाले. "श्वास जरा मोठा होता, इतकंच."

आईने पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की कशासाठी, ते कळलं नाही.

अधिकाऱ्याने पेन उघडलं आणि थांबला. "पण मॅडम, बुद्धिबळात झोप हा नेहमीचाच धोका. तो प्रेक्षकाने स्वतः पत्करलेला असतो. मग क्लब जबाबदार कसा?"

धाकटी या क्षणाची वाट पाहत असल्यासारखी पुढे आली. "नेहमीची झोप पत्करलेली असते, कबूल. पण हा डाव त्या दिवशीच संपला असता, आणि मामा वेळेवर घरी जाऊन गादीवर झोपला असता. झोपलेल्या प्रेक्षकाला पाठ नसलेल्या बाकावर मुद्दाम जास्तीचा वेळ बसवून ठेवलं. क्लबाच्या अध्यक्षांनी. हा जास्तीचा धोका. बाकाचा दोष शून्य."

अधिकाऱ्याने बाबांना विचारलं, "तुम्हाला हे मान्य आहे? सगळी जबाबदारी तुमची होते."

"मान्य!" बाबा असे म्हणाले, की जणू त्यांना विजेतेपदाची ढाल दुसऱ्यांदा मिळत होती. "लिहा. मीच जबाबदार."

ग्रंथपालांनी किल्ली परत दिली. अधिकाऱ्याने सह्या घेतल्या. डॉक्टरांनी बाबांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. आई उशा गोळा करू लागली. मामा मात्र तिथेच घुटमळत होता.

"दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "एक सांगू का? रागावू नका."

"आता काय?"

"ती चाल माझी आजही हुकली. मी सारखा साहेबांकडे बघत होतो, त्यांना डुलकी लागते का म्हणून. मान वळवली तेव्हा डॉक्टर चष्मा पुसत होते."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी आडवा राजा उभा केला, वजीर जागेवर नेला आणि डॉक्टरांना खुणेने परत बसवलं. अधिकारी दारातून मागे फिरला आणि खुर्ची ओढून बसला.

"बघा हं," बाबा म्हणाले.

"थांबा, थांबा," मामा म्हणाला, आणि एका हाताने स्वतःला सावरत पटाच्या अगदी समोर, जमिनीवर मांडी घालून बसला.