शिवप्पांचं पांढरं पिल्लू

"पिल्लू पांढरं आहे. माझी खात्री आहे," असं शिवप्पा म्हणाले आणि गंगम्मांच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती ओट्यावर पडली.

बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून ‘खात्री’ हा शब्द त्यांनी ऐकलाच नव्हता. सोलापुरातल्या एका वाचनालयात शिवप्पांनी उभा जन्म काढला, आणि हातातलं पुस्तकसुद्धा ते ‘बहुधा हेच असावं’ म्हणून वाचकाला देत. मुलगी बघायला गेले तेव्हाही ‘बहुधा पसंत आहे’ म्हणाले होते. गंगम्मा ते अजून विसरल्या नव्हत्या.

पिल्लाचा हा विषय घरात आणला सुनेनं, रुद्राणीनं. मागच्या खोलीत ती लेपर्ड गेको पाळायची. वनखात्याकडं रीतसर नोंद केलेल्या, पिवळ्या अंगावर लहानपणी काळे पट्टे, मोठेपणी काळे ठिपके असलेल्या पाली. भिंतीवर चढता येत नाही, पण माणसासारख्या पापण्या मिटतात. त्यांच्यात रंगांचे नाना प्रकार असतात. त्यांना मॉर्फ म्हणतात. रुद्राणीच्या जोडीच्या रक्तात एक मॉर्फ लपलेला होता. ब्लिझर्ड. पांढराफटक, अंगावर एक ठिपका नाही की पट्टा नाही. चार पिल्लांत एखादं तसं निघावं असा अंदाज. दोन वर्षं झाली, एकही निघालं नव्हतं.

मामेभावाच्या लग्नाला बार्शीला जाताना तिनं नोंदवही सासऱ्यांच्या हातात दिली. "मामा, दोन अंडी आहेत. पिल्लू निघालं तर रंग तुम्हीच लिहायचा. तुमच्याइतकं वाचून कोण बघतंय?"

घरात त्यांचं मत विचारणारी ती एकटीच. शिवप्पांनी वही छातीशी धरली.

गुरुवारी सकाळी एक अंडं उघडलं. नवजात जीव, उगाच त्याला कशाला संकोचात टाका, म्हणून शिवप्पांनी दुपारपर्यंत डोकावलंही नाही. मग भिंग घेऊन पाहिलं. पिल्लू विभूती फासल्यासारखं पांढरं! अंगावर अंधुक पट्टे दिसल्यासारखे वाटले खरे. पण ब्लिझर्डला पट्टे नसतात असं रुद्राणीच्या पुस्तकात छापलं होतं, आणि शिवप्पांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. पुस्तक चुकणार की डोळा? पट्टे डोळ्यातले, असं ठरवून त्यांनी शाईनं लिहिलं, ‘ब्लिझर्ड. निश्चित.’

मग बार्शीला फोन केला.

"मामा, नक्की?"

"नक्की."

त्यांनी फोटोही पाठवला. घाईत मोबाइल हलला आणि फोटोत पिल्लाऐवजी डब्यातला ओला टिश्यू पेपर आला होता.

"पांढरं तर दिसतंय," रुद्राणी म्हणाली. "उद्या पहिल्या एसटीनं निघते."

"अगं, आणि वरात?"

"वरातीत मी नसले तर नवरा काय घोड्यावरून उतरणाराय?"

दोन वर्षांत गंगम्मांनी मागच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. आज त्या दारापर्यंत आल्या. "पांढरं हाय म्हणता? मग बारसं करावं लागंल की."

शेजारच्या सुंदरम्मा नारळ घेऊन आल्या. "पांढरी पाल लई शुभ असतीया."

"कुठं लिहिलंय?" शिवप्पांनी सवयीनं विचारलं.

"लिवायला कशाला पायजे? मी सांगते की."

शुक्रवारी सकाळी निम्मी गल्ली ओसरीवर घुगऱ्या खात होती, आणि एरवी स्वतःच्या घरात अंग चोरून वावरणारे शिवप्पा खुर्चीत टेकून आनुवंशिकता समजावून सांगत होते.

रुद्राणी आली. हातावर मेंदी, खांद्यावर पिशवी तशीच. तिनं बारशासाठी ओसरीवर आणून ठेवलेल्या डब्याचं झाकण उचललं.

आत पिवळ्याधमक अंगावर काळे कुळकुळीत पट्टे. गांधीलमाशीला लाजवतील असे. पिल्लाच्या तोंडातून एक पांढरी चिंधी लोंबत होती. ती त्यानं गिळली आणि सावकाश पापण्या मिटल्या.

"मामा, जन्मल्यावर दिवसाभरात पिल्लू कात टाकतं. त्याआधी अंग पांढरं पडतं. मग ती कात खाऊन टाकतं."

"म्हणजे..."

"पुरावा खाल्ला त्यानं."

सुंदरम्मांनी हळूच विचारलं, "नारळ फोडला न्हाय ना अजून?"

शिवप्पांनी खुंटीवरची टोपी काढली. कुठं जायचं हे ठरलं नव्हतं, पण इथं थांबायचं नाही एवढं ठरलं होतं. "तुझी वरात बुडाली गं. मला पट्टे दिसले होते. वाटलं, माझ्या डोळ्यातलेच असतील."

रुद्राणी खाली बसून पोट धरून हसली. मग थांबून म्हणाली, "खरंच दिसले होते? पहिल्या वर्षी मला तेवढेही दिसले नव्हते. मीपण ब्लिझर्ड म्हणून फोटो सगळ्यांना पाठवला होता." तिनं त्यांच्या हातातली टोपी काढून तिथं नोंदवही ठेवली. "दुसरं अंडं उद्या उघडेल. रंग तुम्हीच लिहायचा."

शिवप्पांनी वही पुन्हा छातीशी धरली. गंगम्मांनी पुढ्यात घुगऱ्यांची ताटली सरकवली. "खावा आता. पिल्लू तर खाऊन मोकळं झालं."

शनिवारी दुसरं अंडं उघडलं. शिवप्पांनी चष्मा तीनदा पुसला. भिंगातून पाहिलं, पुस्तकात पाहिलं, पुन्हा भिंगातून पाहिलं. मग रंगाच्या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं, ‘बहुधा पाल.’

संध्याकाळी त्याखाली रुद्राणीची सही होती. ‘तपासलं. बरोबर आहे.’